डबा फिरवून मागची बाजू वाचा

कराडला पाटण रोडवर माझं गॅरेज आहे. चिपळूणची भाडी मारणारे बरेच जण येताच म्हणतात, "मिस्त्री, जरा घट्ट ऑइल टाका, कुंभार्ली घाट चढायचाय." घट्ट ऑइलनं घाट चढत नाही, डिझेल तेवढं जास्त जातं. शिवाय सकाळी गार इंजिन चालू करताना ते टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं.

आधी गाडी बीएस किती आहे, म्हणजे धुराच्या कुठल्या सरकारी नियमातली (भारत स्टेज) आहे, ते बघा. मग ऑइलच्या डब्याच्या मागं एपीआयचा, म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचा, गोल शिक्का असतो, त्यातली अक्षरं वाचा. 'सी'नं सुरू होणारं डिझेलचं, 'एस'नं सुरू होणारं पेट्रोलचं. सीएच-४, सीआय-४, सीजे-४, सीके-४ अशी ती चढत जातात. सीके-४ डिसेंबर २०१६ पासून आलं. जुन्या बीएस-३ गाडीला सीआय-४ चालतं, उगाच महागाचं घेऊ नका. पण एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तिथं सीके-४च, आणि गाडीच्या पुस्तकात कंपनीनं स्वतःचा नंबर दिला असेल तर तोही डब्यावर जुळला पाहिजे.

हे मी ठेच लागून शिकलो. हळदीची भाडी करणारी एक बीएस-६ गाडी होती. बॅरल उघडंच होतं म्हणून लागोपाठ सर्व्हिसिंगला मी तिला सीआय-४ भरत गेलो. पुढं डीपीएफचा दिवा सारखा लागायला लागला. गाडी फिल्टर तापवून काजळी जाळते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती जाळीत साचत जाते. सीके-४ मध्ये ही राख जास्तीत जास्त १ टक्का ठेवायचं बंधन आहे. फिल्टर उतरवून साफ करायचा खर्च मालकानं निम्मा माझ्याकडून घेतला. बरोबरच केलं.

एफए-४ दिसलं तर लांब राहा. ते पातळ असतं, ठरावीक नव्या इंजिनांसाठीच.

राहिला आकडा. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू थंडीचा, पुढचा ४० म्हणजे १०० अंशाला तापल्यावर ऑइल किती दाट राहतं ते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांना १५डब्ल्यू-४० पुरतं.

भरल्यावर दोन दिवसांत ऑइल काळं झालं म्हणून भांडायला येऊ नका. काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, मात्र रोज काढा. मी टोकावरचा थेंब दोन बोटांत चोळून वास घेतो. पातळी न भरता वाढली आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. दुधाळ चहासारखा रंग आला तर पाणी शिरलंय, गाडी चालू करू नका, टो करून आणा.

डबा सीलबंद आणि पक्क्या बिलावरच घ्या. रिकामा झाला की मी त्याच्या बुडाला स्क्रू ड्रायव्हरनं भोक पाडतो, म्हणजे त्यात कुणी नकली ऑइल भरून विकायला नको. भंगारवाला त्यावरून कुरकुरतो, दोन रुपये कमी देतो.