हाका मारून मांजर सापडत नाही

मांजर घरातून निसटलं की माणसं आधी सोसायटीभर ‘मनी, मनी’ करत फिरतात, मग व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात, आणि मग घरी येऊन डोकं धरून बसतात. डोंबिवलीत आमच्या भागातल्या भटक्या मांजरांना रात्रीचं खायला मी घालते, त्यामुळे कुणाचं मांजर हरवलं की फोन माझ्याकडे येतो. मी दोनच गोष्टी विचारते. कुठून गेलं, दारातून की खिडकीतून? आणि यापूर्वी कधी एकटं बाहेर पडलंय का?

कधीच बाहेर न पडलेलं मांजर लांब जात नाही. ते भेदरतं आणि मिळेल त्या पहिल्या फटीत शिरून गप्प बसतं. तुमचा आवाज त्याला नक्की ऐकू येतो, पण ओ देणार नाही. आवाज केला की आपली जागा कुत्र्याला, बोक्याला कळते, एवढंच त्याला त्या क्षणी ठाऊक असतं. त्यामुळे ‘हाक मारली तरी आलं नाही, म्हणजे इथे नाहीच’ हा हिशेब डोक्यातून काढून टाका. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८ साली हजाराहून जास्त हरवलेल्या मांजरांची माहिती प्रसिद्ध केली. सापडलेल्यांपैकी पाऊण हिस्सा मांजरं निसटल्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आतच मिळाली, आणि शोधायचा सगळ्यात कामी आलेला उपाय म्हणजे स्वतः जाऊन जागा धुंडाळणं. माझ्या अनुभवात तर अर्धा किलोमीटरही फार झाला. फ्लॅटमधलं मांजर बहुतेक वेळा त्याच बिल्डिंगमध्ये नाहीतर शेजारच्या कंपाउंडमध्ये असतं.

दारातून गेलं असेल तर जिन्यापासून सुरुवात करा. घाबरलेलं मांजर वरही पळतं, म्हणून गच्ची, टाकीमागची जागा, लिफ्टची मशीनरूम आधी बघा. मग प्रत्येक मजल्यावरचे चपलांचे रॅक, जुनी कपाटं, कुंड्यांमागची सांदट. खाली मीटरची खोली, पंपरूम, पार्किंगमधल्या गाड्यांचं पोट आणि बॉनेटच्या आतली जागा. सकाळी गाडी काढणाऱ्या प्रत्येकाला बॉनेटवर दोन थापा मारायला सांगून ठेवा. शेजाऱ्यांना ‘आमचं मांजर दिसलं का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘तुमच्या ड्राय बाल्कनीत मशीनच्या मागे मी जरा वाकून बघू का?’ असं विचारा. लोक तोंड वाकडं करतात, करू द्यात.

शोधायची खरी वेळ रात्री दोन ते चार. रहदारी थांबलेली असते, कुत्रीही पेंगलेली असतात. मोबाईलचा उजेड पुरत नाही, चांगली बॅटरी घ्या आणि ती कमरेशी न धरता डोळ्यांच्या बाजूला, कानशिलाजवळ धरा. मांजराच्या डोळ्यातून उलटून येणारा प्रकाश तेव्हाच आपल्याला दिसतो. आणि वाकून भागत नाही, जमिनीला गाल टेकावा लागतो. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी इंटिरियरचे उरलेले प्लायचे तुकडे भिंतीला लावून ठेवले होते. मालकीणबाई तिथेच उभ्या राहून रडवेल्या आवाजात हाका मारत होत्या, आणि त्यांच्या पायांपासून चार फुटांवर, प्लाय आणि भिंतीच्या मधल्या वीतभर फटीत, धुळीने माखलेलं त्यांचं पांढरं मांजर डोळेसुद्धा न मिटता बसलं होतं. शेपटी अंगाखाली घट्ट दाबलेली. दिवसा त्याच जागेवरून सगळी सोसायटी ये-जा करत होती.

खिडकीतून किंवा बाल्कनीतून पडलं असेल तर घाई वेगळ्या कारणासाठी करायची. न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सरासरी साडेपाच मजल्यांवरून पडलेली, आणि उपचार मिळालेल्यांतली ९० टक्के वाचली. म्हणजे सहाव्या मजल्यावरून पडलं म्हणून आशा सोडायची नाही, पण ‘चालतंय, म्हणजे बरं आहे’ असंही समजायचं नाही. छातीला मार, फुटलेला जबडा, चिरलेला टाळू हे वरून दिसत नाही. पडल्या जागेच्या बरोबर खाली आणि आसपासच्या झुडपात, गटाराच्या कडेला बघा. जखमी मांजर सरपटत का होईना, आडोसा गाठतं. सापडलं तर बखोटीला धरून उचलू नका. टॉवेल किंवा पाट अंगाखाली सरकवा आणि तसंच दवाखान्यात न्या.

खच्चीकरण न झालेला बोका असेल तर वरचं बरंचसं विसरा. तो भाटीच्या मागे गेलाय, लांबही जातो, आणि एक दिवस फाटके कान घेऊन स्वतःच येतो. आल्या आल्या ऑपरेशन उरकून घ्या.

पहिले दोन-तीन दिवस मिळालं नाही तर घरात एकच प्रश्न चालू होतो: जगेल का? जगतं. पावसाळ्यात पाण्याची ददात नसते, एरवी एसीचं ठिबकणारं पाणी, कुंड्यांच्या ताटल्या असतात. भूक हळूहळू भीतीवर मात करते. हरवलेली जनावरं शोधण्याचं काम करणाऱ्या अमेरिकेतल्या माजी पोलीस कॅट अल्ब्रेख्त सांगतात की कित्येक मांजरं काही दिवस अगदी मुकी राहतात आणि मग एकदम ओरडायला किंवा खाण्याकडे यायला लागतात. म्हणून आठवड्यानंतर शोध थंड करणं हा घात आहे. दिवाळीच्या फटाक्यांनी आणि गणपतीच्या ढोलांनी पळालेली मांजरं तर आवाज थांबेपर्यंत हलतच नाहीत.

खाणं ठेवायचं ते वासाचं. सुकट तव्यावर कोरडी भाजा, बिल्डिंग शिव्या देईल, पण काम होतं. ठेवताना एकच जागा, एकच वेळ, आणि समोर जुना मोबाईल कॅमेरा म्हणून लावून ठेवा, नाहीतर ताटली रोज चाटून जाणारा बोका दुसराच निघतो. शी-शूची वाळू बाहेर ठेवा असं लोक सांगतात. मी ठेवू देत नाही, त्या वासाने परके बोके येतात आणि आपलं मांजर आणखी आत सरकतं. दिसतंय पण हाती लागत नसेल तर प्राणिमित्रांकडून मांजराचा पिंजरा मागून आणा. उंदराच्या पिंजऱ्यात मांजर मावत नाही. तळाला वर्तमानपत्र, वरून जुनी चादर, आधी दार उघडंच बांधून ठेवून आत जेवायची सवय लावायची, मग लावायचा. लावलेला पिंजरा सोडून झोपायला जायचं नाही.

पोस्टरवर मोठा फोटो, फोन नंबर आणि एवढंच: ‘पकडू नका, फोन करा.’ ते वॉचमन, दूधवाला, पेपरवाला, कचरा नेणाऱ्या मावशी आणि भटक्यांना खायला घालणाऱ्या माणसांच्या हातात द्या. नसबंदीसाठी मांजरं पकडणाऱ्या कार्यकर्त्यांनाही कळवा. मे महिन्यात गावी गेलेल्यांच्या बंद फ्लॅटची यादी सेक्रेटरीकडून घ्या, दुकानांची शटर उघडताना समोर उभे राहा. अंगावरची एखादी खूण पोस्टरवर मुद्दाम देऊ नका. ‘मांजर माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असा फोन येतोच, तेव्हा ती खूण विचारा.

समोर आलं की धावू नका. जमिनीवर तिरके बसा, नजर रोखू नका, हळू डोळे मिटा-उघडा, सुकट पुढे सरकवा. पकडताना चावलं किंवा बोचकारलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आपलंच मांजर असलं तरी.

घरी आणलं की एकदम वाडगाभर घालू नका. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः गुटगुटीत मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते जिवावर बेतू शकतं. थोडंथोडं खाऊ घाला आणि लगेच डॉक्टरला दाखवा, लशीची तारीखही तपासून घ्या. घरात दुसरं मांजर असेल तर ते याच्यावर फिस्कारेल, कारण याला आता गटाराचा आणि दवाखान्याचा वास येतोय. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, अंथरुणं अदलाबदल करा, आणि तोवर जाळी बसवणाऱ्याला फोन लावा.