हॉस्पिटलिस्ट नेमला, तरी रात्रीचे फोन थांबेनात? या चुका टाळा

रात्री अडीचला फोन वाजतो. "सर, सात नंबरचा पेशंट घाबराघुबरा झालाय, काय करू?" फोन करणारा आरएमओ, म्हणजे रात्री वॉर्डात हजर असणारा निवासी डॉक्टर, पेशंटपासून दहा पावलांवर उभा असतो. फोन घेणारे डॉक्टर दिवसभराची ओपीडी आणि तीन ऑपरेशनं उरकून घरी नुकते आडवे झालेले असतात. ते अर्धवट झोपेत एक इंजेक्शन सांगतात. सकाळी राउंडला येऊन बघतात तर पेशंट आयसीयूत हलवलेला, नाहीतर नातेवाइकांनी पहाटेच गाडी करून सोलापूरला किंवा हैदराबादला नेलेला. लातूर, नांदेड, बीड, परभणी, जालना, कुठल्याही जिल्ह्याच्या गावी चाळीस-पन्नास खाटांचं हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरांनी अशा रात्री काढल्या आहेत.

यावर उपाय म्हणून आपल्याकडेही आता हॉस्पिटलिस्ट, म्हणजे भरती पेशंट बघायला पूर्णवेळ वॉर्डातच असणारा डॉक्टर, नेमायला सुरुवात झाली आहे. मराठवाड्यातल्या हॉस्पिटलांना ही व्यवस्था बसवून देणं आणि बिघडलेली दुरुस्त करणं हेच माझं काम. त्याआधी मी स्वतः वॉर्डात रात्रपाळ्या केल्या आहेत. बिघडलेल्या व्यवस्थांच्या मुळाशी मला बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडली: डॉक्टर नेमला, पण निर्णय त्याच्या हातात दिला नाही.

पाटी बदलली, काम तेच

हॉस्पिटलिस्ट हा शब्द रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९९६ साली एका लेखातून रूढ केला. त्यामागची कल्पना साधी आहे. भरती झालेल्या पेशंटची जबाबदारी पूर्णवेळ वॉर्डातच असणाऱ्या फिजिशियनने घ्यायची. भरती, तपासण्या, औषधांतले बदल, तज्ज्ञांना बोलावणं, नातेवाइकांशी बोलणं आणि डिस्चार्ज, हे सगळं एका माणसाच्या नजरेखालून जायचं.

आपल्याकडे होतं असं की, कालचा आरएमओ आज हॉस्पिटलिस्ट म्हणून मिरवतो. माहितीपत्रकावर शब्द छापला जातो आणि काम तेच राहतं: सांगितलेल्या ऑर्डरी केस पेपरवर उतरवायच्या आणि रात्री फोन करायचा. आरएमओंना कमी लेखायचा माझा अजिबात हेतू नाही. मराठवाड्यातली खासगी हॉस्पिटलं रात्री चालू राहतात ती त्यांच्याच जिवावर, आणि त्यातले बरेच जण बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) आहेत. पण त्यांच्यावर पदवीबाहेरचे निर्णय टाकणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच तो निष्काळजीपणा ठरवला होता. त्यामुळे कुणाची नोंदणी कुठली आणि त्यानुसार कोण काय लिहू शकतो, हे नेमणुकीआधीच कागदावर आणा. हॉस्पिटलिस्टच्या जागेवर एमडी किंवा डीएनबी मेडिसिन झालेला माणूस हवा. तसा एकच मिळत असेल, तर तो दिवसा वॉर्डात असावा आणि रात्रीच्या आरएमओला त्याने घडवावं.

रात्री कोण ठरवणार?

सगळ्यात जास्त व्यवस्था इथे मोडतात. नवा फिजिशियन सकाळी अँटिबायोटिक बदलतो आणि दुपारी मालक डॉक्टर येऊन जुनीच गोळी पुन्हा लिहितात. असं चार वेळा झालं की तो बदल करायचं सोडून देतो. पुढे "सर सांगतील तसं" म्हणायला लागतो. मग मालकच तक्रार करतात, "इतका पगार देऊनही विचारल्याशिवाय काहीच करत नाही."

हे ऐकलं की मी सर्जन आणि फिजिशियन दोघांनाही समोर बसवतो आणि एका पानाचा कागद करतो. मांडीचं हाड मोडून आलेल्या, साखर वाढलेल्या सत्तरीच्या आजीचं उदाहरण घेऊन एकेक प्रश्न विचारतो. इन्सुलिन कोण ठरवणार? रक्त पातळ होण्याचं औषध कधी सुरू करायचं, हे कोण सांगणार? ऑपरेशनसाठी फिट आहे ही सही कुणाची? रात्री लघवी कमी झाली तर सिस्टरने पहिला फोन कुणाला लावायचा? जखमेतून रक्त यायला लागलं तर? पहिल्या बैठकीत यातल्या निम्म्या प्रश्नांना दोन-दोन उत्तरं येतात. तीच दोन उत्तरं रात्री अडीचला पेशंटला भोवतात, म्हणून एका प्रश्नापुढे एकच नाव लिहायचं. दोन्ही डॉक्टरांच्या सहीनिशी तो कागद नर्सिंग स्टेशनवर चिकटवायचा. सर्जनला एखादा निर्णय बदलावासा वाटला, तर आधी फिजिशियनला फोन करायचा आणि मगच केस पेपरवर पेन टेकवायचं.

नातेवाइकांच्या बाबतीतही हाच घोळ असतो. नवा डॉक्टर कितीही हुशार असो, कॉटभोवतीची माणसं विचारतात, "मोठे डॉक्टर कधी यायलेत?" त्यांचा यात काही दोष नाही. ते ज्यांचं नाव ऐकून आले, त्यांनाच शोधतात. ज्यांचं नाव पाटीवर आहे त्या डॉक्टरांनी भरतीच्या दिवशीच कॉटपाशी उभं राहून सांगायला हवं, "ऑपरेशन मी करतो, पण रात्रंदिवस बघणारे हे डॉक्टर. हे जे सांगतील तेच माझं म्हणणं." या दोन वाक्यांना अर्धा मिनिटही लागत नाही, पण मालक डॉक्टर ती म्हणायला कचरतात. त्यासोबत नातेवाइकांशी बोलायची वेळ ठरवा, दुपारी बाराची म्हणा, आणि घरातल्या एकाच माणसाचं नाव लिहून घ्या. गावाकडून जीप भरून आलेल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसलं की प्रत्येकजण वेगळं ऐकून जातो आणि भांडण तिथून सुरू होतं.

दोन माणसांत चोवीस तास बसत नाहीत

आठवड्याचे तास १६८. एका डॉक्टरने आठवड्याला ४८ तास केले, तर फक्त एक खुर्ची चोवीस तास भरायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, लग्नसराई आणि परीक्षा धरल्या की साडेचार-पाच. तरी जाहिरात निघते दोघांची, आणि एकदा पाळी लागली की छत्तीस तास सुटका नाही. सहा महिन्यांत एकजण पुण्याला जातो, उरलेला थकतो, आणि "आपल्याकडे माणसं टिकत नाहीत" असा निष्कर्ष निघतो.

पाच फिजिशियन परवडत नसतील तर तसं मोकळेपणाने मान्य करा. दिवसा बारा तास फिजिशियन, रात्री आरएमओ, आणि फिजिशियनने रात्री फोन घ्यायचे दिवस वाटून दिलेले, ही लहान हॉस्पिटलात चालणारी रचना आहे. एकाच्या अंगावर किती पेशंट टाकायचे यालाही मर्यादा ठेवा. अमेरिकेत दिवसाला पंधराच्या आसपास हा आकडा धरून चालतात. आपल्या वॉर्डात पस्तीस कॉटांचा राउंड दीड तासात उरकलेला मी पाहिलाय. कॉटमागे अडीच मिनिटं आली, त्यात पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप तरी कधी लावणार?

पाळी बदलताना काय सांगितलं जातं

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटतं ते.

माझ्या ड्युटीच्या काळात एका हॉस्पिटलात फवारणीचं औषध प्यायलेला एक तरुण शेतकरी भरती होता. अशा कीटकनाशकांतल्या ऑर्गनोफॉस्फरसची विषबाधा आपल्या भागातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीला नवी नाही. ॲट्रोपिन हे त्यावरचं उताऱ्याचं औषध देऊन छाती मोकळी झाली, तोंडाची लाळ थांबली, तो बोलायला लागला. आई उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होती. पाळी बदलताना मला एवढंच सांगितलं गेलं, "पॉयझनिंग, तिसरा दिवस, स्टेबल आहे." या विषात पहिल्या ते चौथ्या दिवसादरम्यान, वरवर बरं दिसत असताना, मानेचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. त्याची पहिली खूण साधी असते: पेशंटला उशीवरून डोकं उचलता येत नाही. ते बघायला मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. पहाटे त्याच्या आईनेच हाक मारली, "ह्याला मान उचलंना गेलीय." व्हेंटिलेटर वेळेवर मिळाला म्हणून तो वाचला. त्या बाईने पाहिलं ते मी पाहायला हवं होतं.

तेव्हापासून हॅंडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवताना, मी 'स्टेबल' हा शब्दच चालू देत नाही. प्रत्येक पेशंटबद्दल चार गोष्टी सांगायच्या: आजार किती गंभीर आहे, आज काय झालं, रात्री काय बिघडू शकतं आणि ते बिघडलं तर काय करायचं. ऐकणाऱ्याने त्या आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायच्या. अमेरिकेत आय-पास नावाची अशीच पद्धत नऊ हॉस्पिटलांत लावून पाहिली होती. २०१४ साली तिचे निष्कर्ष आले: वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी कमी झाले होते. याला यंत्र लागत नाही, दोन पाळ्यांमध्ये अर्धा तास सामाईक ठेवावा लागतो. ड्युटीपत्रकात तो अर्धा तास पगारी ठेवा, नाहीतर हॅंडओव्हर जिन्यातच उरकला जाईल.

डेंग्यूतही हीच गत होते. ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि वॉर्डही ढिला पडतो. पण साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतानाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायचा धोका असतो. सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर खिळलेलं, आणि वाढत चाललेल्या हिमॅटोक्रिटकडे (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण; पाणी झिरपलं की ते वाढतं) कुणी बघत नाही. रात्रीच्या डॉक्टरला "ताप नाही, प्लेटलेट चाळीस हजार" एवढंच कळलं, तर तो प्लेटलेटची पिशवी मागवेल. त्याला नाडी, रक्तदाब, लघवी आणि हिमॅटोक्रिट सांगायला हवं.

सिस्टर फोन का करत नाहीत

कुठल्याही नव्या हॉस्पिटलात गेलो की मी आधी टीपीआर चार्ट (ताप, नाडी आणि श्वासाच्या नोंदींचा तक्ता) मागतो आणि श्वासाचा रकाना वाचतो. वीस, वीस, वीस, वीस. न्यूमोनियाच्या पेशंटचा वीस आणि हर्नियाच्या पेशंटचाही वीस. म्हणजे श्वास मोजलेच गेले नाहीत. पेशंट बिघडायला लागल्याची पहिली खूण बहुतेकदा श्वासाच्या वेगात दिसते, आणि ती या रकान्यात हरवून जाते.

म्हणून सिस्टरांना ओरडू नका. तीस पेशंटमागे एक सिस्टर ठेवायची आणि तिने पूर्ण मिनिट घड्याळ लावून श्वास मोजावेत म्हणायचं, हे जमणारं नाही. निदान गंभीर आठ-दहा पेशंटचे तरी नीट मोजा. त्याला ब्रिटनमधल्या न्यूज-टू या गुणपद्धतीची जोड द्या: श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे, पेशंट ऑक्सिजनवर असेल तर त्याचेही. बेरीज पाच झाली की डॉक्टरला तातडीने बोलवायचं. सात झाली की आणीबाणी समजून वरिष्ठांनाच उठवायचं. याचा मोठा फायदा सिस्टरला होतो. "सर, मला बरं वाटत नाहीये पेशंटचं" असं म्हणून बोलणी खाण्यापेक्षा "सर, स्कोअर सात आहे" म्हणणं तिला सोपं जातं. आणि रात्री उठवलं म्हणून कुणी तिच्यावर चिडला, तर सकाळी मालक डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिची बाजू घ्यावी. हे एकदा घडलं की पुढे ती बिनधास्त फोन करते.

पेशंट पळवण्याची भीती

गावातले व्हिजिटिंग कन्सल्टंट, म्हणजे बाहेरून येऊन पेशंट बघणारे तज्ज्ञ, या व्यवस्थेला विरोध करतात तो पोटापाण्याच्या काळजीने. आज वॉर्डात बसलेला फिजिशियन उद्या समोरच्या गल्लीत दवाखाना थाटेल आणि आपले पेशंट नेईल, असं त्यांना वाटतं. त्यांना बोलून पटवत बसू नका, करारात लिहा: हॉस्पिटलिस्ट त्या गावात स्वतःची ओपीडी चालवणार नाही, आणि डिस्चार्ज कार्डावर फेरतपासणीसाठी पाठवणाऱ्या डॉक्टरचंच नाव असेल.

पैशाच्या बाजूने एक चूक सर्रास होते. हॉस्पिटलिस्टचा पगार त्याच्या नावावरच्या बिलातून निघावा अशी अपेक्षा ठेवतात. अमेरिकेतही तो तसा निघत नाही, हॉस्पिटलला पदरची भर घालावीच लागते. त्याचा फायदा दुसरीकडे दिसतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशनचं पॅकेज ठरलेलं असतं. जखम चिघळून पेशंट चार दिवस जास्त राहिला तर ते दिवस हॉस्पिटलच्या अंगावर पडतात. ते दिवस, रात्री रेफर कराव्या लागणाऱ्या केसेस आणि महिन्याभरात पुन्हा भरती होणारे पेशंट, हे तीन आकडे डॉक्टर नेमण्याआधी तीन महिने मोजून ठेवा. ते हाताशी नसतील तर वर्षभराने व्यवस्थेचा उपयोग झाला की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. भरतीच्या संख्येवर इन्सेंटिव्ह मात्र देऊ नका. त्याने कॉटा भरतात आणि पेशंटचा विश्वास जातो.

डिस्चार्जबद्दल थोडंच. कार्ड इंग्रजीत असलं तरी गोळ्यांच्या वेळा मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा, बंद केलेल्या गोळ्यांची नावंही लिहा, आणि दोन दिवसांनी एक फोन करा. जुन्या आणि नव्या पट्ट्या एकत्र खाऊन साखर कोसळलेले पेशंट मी परत येताना पाहिले आहेत.

सल्लागार नेमताना

माझ्याच व्यवसायाबद्दल आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. मुंबईच्या पाचशे खाटांच्या हॉस्पिटलची फाइल नाव बदलून हातात ठेवणारा सल्लागार आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. "तुम्ही आमच्या वॉर्डात किती रात्री बसणार?" हा पहिला प्रश्न विचारा. निदान तीन रात्री तरी हव्यात, त्यातली एक रविवारची. तो सिस्टरांशी, मावशींशी, मेडिकल दुकानाच्या मुलाशी बोलणार आहे का? वॉर्डातल्या खऱ्या अडचणी त्यांना ठाऊक असतात. मालकाचा निर्णय चुकला तर तोंडावर सांगायची त्याची तयारी आहे का, हेही बघा.

आणि फीचा शेवटचा हप्ता राखून ठेवा. ही कामं बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतात. तेव्हा पावसाळी आजारांची गर्दी नसते, हॅंडओव्हर वेळेवर होतात, चार्ट भरलेले दिसतात आणि सल्लागाराला शाबासकी मिळते. पाऊस लागला की सर्पदंश, फवारणीच्या विषबाधा आणि डेंग्यू एकदम येतात, कॉटा कॉरिडॉरमध्ये लागतात, आणि पहिल्याच आठवड्यात हॅंडओव्हरचा अर्धा तास गायब होतो. म्हणून करारात सप्टेंबर महिना नाव घेऊन लिहा. त्या महिन्यात सल्लागाराने परत यायचं, पुन्हा रात्री वॉर्डात बसायचं आणि श्वासाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचायचं. हप्ता त्यानंतर द्या.