डोक्याला मार लागलेल्या खेळाडू मुलाची मैदानाच्या कडेला तपासणी कशी करावी

कबड्डीत पकड करताना दोन मुलांची डोकी एकमेकांवर आपटतात, त्यातला एक जण गोंधळल्यासारखा उठतो आणि कडेला उभे असलेले कोणीतरी ‘ऊन लागलंय, पाणी द्या’ म्हणते. सोलापूरच्या एप्रिलमधल्या उन्हात हे पटकन खरे वाटते, कारण डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर ही उन्हाच्या त्रासाची लक्षणे मेंदूला बसलेल्या धक्क्यातही, म्हणजे कन्कशनमध्येही, दिसतात. म्हणून आदळआपट झालेली असेल, तर आधी कन्कशनचाच संशय धरावा आणि मुलाला लगेच खेळाबाहेर घ्यावे. शुद्ध हरपली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. बहुतेक कन्कशनमध्ये ती हरपतच नाही.

पहिली नजर धोक्याच्या चिन्हांवर असावी. मान दुखणे, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, एकाचे दोन दिसणे, आकडी, उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, शुद्ध हरपणे किंवा वाढती बेचैनी यांपैकी एकही चिन्ह असेल, तर प्रश्न विचारत न बसता १०८ क्रमांकावर फोन करावा. मानेच्या दुखापतीची शंका असल्यास प्रशिक्षित माणूस येईपर्यंत मुलाला हलवू नये.

अशी चिन्हे नसल्यास मुलाला सावलीत बसवून काय होते आहे ते शांतपणे विचारावे. मूल १२ वर्षांहून मोठे असेल, तर आज आपण कोणत्या मैदानावर आहोत, पहिला डाव चालू आहे की दुसरा, शेवटचा गुण कोणी मिळवला, मागचा सामना कोणाशी झाला आणि तो आपण जिंकलो का, हे विचारावे. आपल्या शहरात अनेक मुले घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. त्यांना त्याच भाषेत विचारले नाही, तर भाषेची अडचण आणि मेंदूचा गोंधळ यांत फरक करता येत नाही. महिने उलटे म्हणणे, शब्द लक्षात ठेवणे, एका पायावर तोल सावरणे अशी सविस्तर चाचणी डॉक्टरांनी करायची असते आणि तिला किमान १० ते १५ मिनिटे लागतात.

सगळी उत्तरे बरोबर आली तरी संशय फिटला असे मानू नये, कारण काही लक्षणे तासांनंतर उमटतात. अंतिम सामना असला, मूल कितीही विनवत असले, तरी त्या दिवशी त्याला पुन्हा उतरवू नये. पहिले ३ तास त्याला एकटे सोडू नये, घरीही मोठ्या माणसासोबतच पाठवावे, आणि मार कधी व कसा लागला, मुलाने कोणती उत्तरे दिली, हे कागदावर लिहून तो पालकांच्या हाती द्यावा, म्हणजे डॉक्टरांना ते नेमके कळेल.