मोटारहोमच्या टायरमध्ये हवा किती भरावी?

बसच्या चेसिसवर बांधलेले मोटारहोम घेऊन सोलापुरातून विजयपूरमार्गे हंपीला जायचे असेल, तर हवेचा आकडा निघायच्या चार दिवस आधी ठरवावा, कारण तो टायरच्या दुकानात नव्हे, वजनकाट्यावर ठरतो. टायरच्या बाजूला छापलेला दाब हा कमाल भार पेलण्यासाठी लागणारा दाब असतो. आपल्या चाकावर प्रत्यक्षात किती भार आहे, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून प्रथम गाडी प्रवासाला निघाल्यासारखी पूर्ण भरावी. पाण्याची ३०० लिटरची टाकी भरली की ३०० किलो वाढतात. शिवाय डिझेल, गॅस सिलिंडर, बॅटऱ्या आणि माणसेही आत हवीत. साखर कारखान्यांमुळे आपल्या जिल्ह्यात मोठ्या वजनकाट्यांची वाण नाही, फक्त गाळपाच्या हंगामात उसाच्या गाड्यांची रांग नसेल अशी वेळ गाठावी. आधी केवळ पुढचा आस (ॲक्सल), मग केवळ मागचा आस काट्यावर घेऊन दोन्ही पावत्या घ्याव्यात. काट्याशेजारची जमीन सपाट असेल, तर एकेका बाजूचेही वजन घ्यावे, कारण स्वयंपाकाचा ओटा आणि टाकी एकाच अंगाला असल्या की ती बाजू जड भरते. हे शक्य नसल्यास आसाच्या निम्म्या वजनावर मी १० टक्के जादा धरतो.

आता टायरवरचा १५२/१४८ असा आकडा पाहावा. हा भारांक, म्हणजे टायर कमाल किती भार पेलतो याचा सांकेतिक आकडा; त्याचे किलो तक्त्यावरून कळतात. पहिला एकेरी चाकासाठी, म्हणजे ३५५० किलो. दुसरा मागच्या जोडचाकांतील प्रत्येक टायरसाठी, म्हणजे ३१५० किलो. २९५/८० आर २२.५ या मापाच्या अशा टायरला हा भार पेलायला साधारण १२३ पाउंड, म्हणजे १२३ पीएसआय, दाब लागतो. समजा, पुढची जड बाजू २९०० किलो भरली. टायर कंपनीचा भार-दाब तक्ता मिळाला तर तोच प्रमाण मानावा. तोवर साध्या त्रैराशिकाने सुमारे १०० पाउंड येतात, आणि हे उत्तर सहसा तक्त्यापेक्षा किंचित जास्त, म्हणजे सुरक्षित बाजूला असते. त्यात ५ पाउंड राखीव धरून १०५ भरावेत. मागची जड बाजू ४३०० किलो असेल, तर प्रत्येक टायरवर २१५० किलो येतात आणि त्याच हिशेबाने ८४, म्हणून ९० पाउंड भरावेत. एका आसावरच्या सर्व टायरांत जड बाजूचाच दाब ठेवावा. मात्र गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या किमान दाबाखाली जाऊ नये आणि रिमची मर्यादा ओलांडू नये.

हा दाब थंड टायरचा आहे, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी आणि टायरवर ऊन नसावे. सोलापूरच्या मे महिन्यात याचा अर्थ सूर्योदयापूर्वी, असाच घ्यावा. गेज व्हॉल्व्हवर सरळ दाबावा. फुस्स असा आवाज येत राहिला तर वाचन चुकले, पुन्हा घ्यावे. जोडचाकातील आतला टायर हाताला लागत नाही म्हणून बरेच जण तो हातोडीने वाजवून पाहतात, पण त्या आवाजावरून २० पाउंडांची तूट कळत नाही. तिथे लांब नळीचा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा.

“उन्हाळा आहे, दहा पाउंड कमी ठेवा,” हा सल्ला महामार्गावर हमखास मिळतो, आणि तो धोक्याचा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्यानेच उष्णता वाढते आणि टायर फुटण्याची शक्यता बळावते. दुपारी थांब्यावर १०५ चे १२० झालेले दिसले, तरी ती वाढ अपेक्षित आहे. गरम टायरमधील हवा सोडली, तर गाडी थंड झाल्यावर दाब गरजेपेक्षा खाली जातो. याउलट मेमध्ये ३० अंशांना भरलेले १०५ पाउंड डिसेंबरच्या १५ अंशांच्या पहाटे सुमारे ६ पाउंडांनी उतरतात, तेव्हा हवा पुन्हा भरावी लागते. मोटारहोम महिनोन्महिने उभे राहत असल्याने प्रत्येक प्रवासाआधी, आणि प्रवासात रोज पहाटे, स्टेपनीसकट सर्व टायर तपासावेत. नवे फर्निचर किंवा मोठी टाकी बसवली, की गाडी पुन्हा काट्यावर न्यावी.