ॲपमधून माल विकायचाय? मग कोडच्या आधी स्टोअरचे नियम बघा

गेली काही वर्षं मी छोट्या विक्रेत्यांसाठी ॲप बनवतोय, साड्या, आंबे, मसाले, पुस्तकं असं बरंच काही, आणि या कामात नव्याने येणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, कुठला लावू. मी म्हणतो थांब जरा, आधी हे सांग की विकलेली गोष्ट गिऱ्हाइकाच्या घरी पोचणार आहे का फोनमध्येच वापरली जाणार आहे? कारण ॲपल आणि गूगल दोघांचे पैशांचे नियम इथेच दोन फाट्यांना लागतात.

दिवाळी अंकाचं उदाहरण घेऊ. छापील अंक कुरियरने जाणार, म्हणजे ती भौतिक वस्तू. त्यासाठी ॲपलच्या गाइडलाइन्समधलं कलम ३.१.३ चा ई भाग बघा, तिथे स्पष्ट लिहिलंय की ॲपबाहेर वापरायच्या वस्तू आणि सेवांसाठी इन-ॲप पर्चेस (ॲपमध्ये स्टोअरमार्फतच पैसे भरायची पद्धत) वापरायचंच नाही, दुसरा मार्ग वापरायचा. गूगल प्लेचंही तेच. म्हणजे यूपीआय, कार्ड, कॅश ऑन डिलिव्हरी, काय हवं ते लावा, स्टोअर त्यातलं कमिशन घेत नाही. आता तोच अंक डिजिटल करून ॲपमध्येच वाचायला विकला की खेळ बदलला, इथे कलम ३.१.१ लागू आणि इन-ॲप पर्चेस सक्तीचं. कमिशन साधारण ३० टक्के, पण वर्षाची कमाई १० लाख डॉलरच्या आत असेल तर १५. म्हणजे २०० रुपयांच्या अंकामागे ३० रुपये. आणि ही सवलत आपोआप मिळत नाही बरं का, दोन्हीकडे त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, ते पहिल्याच आठवड्यात करून टाका.

प्रकाशकाला ते कमिशन परवडत नसेल तर तिसरी वाट आहे, रीडर ॲप. डिजिटल अंक वेबसाइटवर विकायचा आणि ॲपमध्ये फक्त लॉगिन करून वाचायचा. मात्र भारतातल्या ॲप स्टोअरवर ॲपमध्ये 'वेबसाइटवरून घ्या, स्वस्त पडेल' असं बटण टाकलं की रिजेक्ट होणार हे धरून चाला. अमेरिकेतल्या ॲप स्टोअरवर, एपिक गेम्स या गेम कंपनीने ॲपलवर भरलेल्या खटल्यात एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाचा आदेश आल्यापासून अशी लिंक देता येते, तिकडचा मराठी वाचक डोळ्यासमोर असेल तर हा फरक लक्षात ठेवा. गूगलच्या बाबतीत भारताची गोष्ट वेगळी आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने प्ले बिलिंगवरून, म्हणजे गूगलच्या स्वतःच्या पेमेंट पद्धतीवरून, ९३६.४४ कोटींचा दंड लावला आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की भारतातल्या युजरला प्ले बिलिंगच्या शेजारी दुसरा पेमेंटचा पर्याय देता येईल. तो वापरला तरी गूगलची फी पूर्ण जात नाही, ४ टक्क्यांनी कमी होते एवढंच.

शिकवण्यांचं ॲप असेल तर अजून एक गंमत. एका शिक्षकाने एकाच विद्यार्थ्याला लाइव्ह शिकवलं तर ॲपल बाहेरचं पेमेंट चालवून घेतं, पण तोच तबल्याचा क्लास पाच जणांच्या बॅचला घेतला किंवा रेकॉर्डिंग विकलं की इन-ॲप पर्चेस. क्लायंटशी फी ठरवायच्या आधी हे त्याला बसवून समजावून सांगा, कारण त्याचा धंद्याचा सगळा हिशोबच यावर बदलतो.

आता खातं कोणाचं. दुकानाचं ॲप दुकानाच्याच डेव्हलपर अकाउंटवरून जाऊ दे, तुमच्या नाही. साचा एकच ठेवून दहा दुकानांची ॲप स्वतःच्या अकाउंटवरून टाकणं ॲपलला चालत नाही. ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर, गूगलचे एकदाच २५. कंपनीच्या अकाउंटला डन्स नंबर, म्हणजे कंपनीची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागतो, तो यायला वेळ जातो म्हणून डिझाइन चालू असतानाच अर्ज टाका. गूगलवर नवीन वैयक्तिक अकाउंट असेल तर लाँचआधी १२ टेस्टर (ॲप वापरून बघणारी माणसं) सलग १४ दिवस लागतात, सणाच्या तोंडावर लाँच ठरलं असेल तर हे दिवस आधीच धरा.

रिव्ह्यूला, म्हणजे स्टोअरच्या तपासणीला, पाठवताना आपल्याकडची ॲप अडकतात ती मला वाटतं बहुतेकदा ओटीपीवर. रिव्ह्यू करणारा माणूस भारतातला मोबाइल नंबर घेऊन बसलेला नसतो, त्याला ओटीपी येणार कुठून? एक टेस्ट नंबर आणि त्याचा ठरलेला ओटीपी रिव्ह्यू नोट्समध्ये लिहून द्या. तसंच पिनकोडचं, तुम्ही फक्त पुणे आणि पिंपरी-चिंचवडला डिलिव्हरी देत असाल तर त्याला 'इथे सेवा नाही' एवढंच दिसेल आणि ॲप अपूर्ण म्हणून परत येईल, म्हणून चालणारा पत्ताही लिहा आणि ऑर्डर शेवटपर्यंत जाईल अशी सोय करा.

खातं डिलीट करायची सोय ॲपमध्येच हवी, ॲपलने ३० जून २०२२ पासून सक्ती केलीय आणि गूगलला त्यासोबत वेबची लिंकही लागते. क्लायंट विचारतो मग जीएसटीच्या बिलांचं काय? ती कायद्याने ठेवायचीच असतात, त्यामुळे खातं आणि प्रोफाइल काढा, बिलं ठेवा, आणि काय ठेवताय ते प्रायव्हसी पॉलिसीत सरळ लिहा.

स्टोअरने पास केलं म्हणजे इथला कायदा पाळला असं नाही होत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दिसला पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. मसाले, लोणची असतील तर एफएसएसएआय नंबर, पॅकबंद माल असेल तर एमआरपी, वजन, कुठल्या देशात बनला ते सगळं. ही फील्ड डेटाबेसमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर शेकडो प्रॉडक्टना भरत बसणं फार जिवावर येतं. आणि तंबाखू, व्हेप असलं काही विकायचं म्हणून क्लायंट आला तर काम घेऊच नका, दोन्ही स्टोअरवर ते बंदच आहे.

एवढं करूनही रिजेक्शन आलं तर लगेच नवीन बिल्ड, म्हणजे ॲपची सुधारलेली प्रत, पाठवायची घाई नको. पत्रात कलमाचा नंबर असतो, तो उघडून पूर्ण वाचा, आणि तुमचा माल घरपोच जाणारा असूनही इन-ॲप पर्चेस मागितलं असेल तर ३.१.३ ई चा उल्लेख करून, डिलिव्हरीचा पत्ता घेणाऱ्या स्क्रीनचा फोटो जोडून तिथेच उत्तर लिहा.