गाडीच्या मूळ म्युझिक सिस्टीमला सीटखालचा वूफर जोडताना

पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून जो खोल, घुमणारा नाद मिळवलेला असतो, तो बहुतेक छोट्या गाड्यांच्या मूळ म्युझिक सिस्टीमवर ऐकूच येत नाही. ऐकू येते ती फक्त थाप. याचा दोष एकट्या स्पीकरला देता येत नाही. दारातला पाच-साडेसहा इंची स्पीकर पोकळ पत्र्यावर बसवलेला असतो, त्या पत्र्याला आतून भोके असतात, आणि स्पीकरच्या मागून निघालेली खर्जाची लहर या भोकांतून बाहेर येऊन पुढून निघालेल्या लहरीला खाऊन टाकते. शिवाय स्क्रीनच्या मागे असलेला ॲम्प्लिफायर प्रत्येक स्पीकरला प्रत्यक्षात जेमतेम १५ ते २० वॉट देऊ शकतो. स्क्रीन न बदलता आणि दारे न उघडता ही उणीव भरून काढायची असेल, तर ॲम्प्लिफायर आतच असलेला, सीटखाली मावणारा चपटा ॲक्टिव्ह सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, हा माझ्या मते सर्वांत समंजस उपाय आहे. ५० हर्ट्झच्या स्वराची लहर जवळजवळ ७ मीटर लांब, म्हणजे गाडीच्या अंतर्भागापेक्षाही मोठी असते. त्यामुळे तो स्वर कोठून येतो हे कानाला ओळखता येत नाही आणि वूफर सीटखाली असल्याने काही बिघडत नाही. डिकीही मोकळी राहते.

खरेदीपूर्वी चालकाशेजारच्या सीटखालची लांबी, रुंदी आणि विशेषतः उंची मोजून घ्यावी, आणि ती मोजताना सीट पूर्ण पुढे व पूर्ण मागे सरकवून पाहावी, कारण रुळांमधली जागा आणि मागच्या प्रवाशांसाठी काढलेला हवेचा मार्ग यांमुळे प्रत्यक्षात मिळणारी जागा दिसते त्यापेक्षा कमी असते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या कमाल वॉटकडे दुर्लक्ष करून आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, हा आकडा वाचावा. ७५ ते १२५ वॉट आरएमएस हे छोट्या गाडीला भरपूर होतात. मूळ स्क्रीनला आरसीए आउटपुट, म्हणजे बाहेरच्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारी गोल खाच, बहुधा नसतो, म्हणून वूफरला हाय लेव्हल इनपुट, म्हणजे स्पीकरच्या वायरवरून थेट सिग्नल घेण्याची सोय, असलीच पाहिजे. ज्या गाडीत कंपनीनेच वेगळा ॲम्प्लिफायर दिलेला आहे, तेथील जोडणी निराळी असते आणि ती त्या गाडीचा वायरिंग नकाशा हाती असल्याशिवाय करू नये.

कामाची सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह केबल दहा नंबरच्या पान्याने सोडवून करावी आणि त्यानंतर मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबावे. सीटखालून जाणाऱ्या पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कपलर हे एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये, त्यांवर टेस्टर टेकवू नये आणि त्यांना नवी वायर बांधूही नये.

मुख्य पॉझिटिव्ह वायर थेट बॅटरीवरूनच आणावी. १०० वॉटचा वूफर जोरात वाजताना साधारण १० अँपिअर ओढतो, आणि सिगारेट लायटरच्या किंवा स्क्रीनच्या वायरीवर एवढा जास्तीचा भार टाकणे धोक्याचे आहे. ८ किंवा १० गेजची शुद्ध तांब्याची वायर घ्यावी; बाजारातल्या स्वस्त किटमध्ये बरेचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर असते आणि ती त्याच जाडीच्या तांब्याच्या वायरीपेक्षा बरीच कमी वीज वाहते. या वायरीवरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असायलाच हवा. वूफरच्या अंगावर फ्यूज आहे म्हणून हा दुसरा फ्यूज गाळला जातो, पण वूफरवरचा फ्यूज वूफरला वाचवतो आणि बॅटरीजवळचा फ्यूज गाडीला. मधल्या तीन-चार मीटरमध्ये वायर कोठे पत्र्यावर घासून उघडी पडली, तर आग थांबवणारे दुसरे काहीही तेथे नसते. माझ्या पहिल्या गाडीत एका फिटरने हा फ्यूज न लावताच वूफर चालू करून दिला होता, आणि दोन वर्षांनी गालिचा उचलला तेव्हा सीटच्या रुळाखाली चेपलेली, आवरण कापले गेलेली वायर मला दिसली. तेव्हापासून मी कोणत्याही गाडीत पहिल्यांदा बॅटरीजवळचा फ्यूज शोधतो.

बॉनेटमधून केबिनमध्ये येताना मूळ वायरिंगच्या रबरी ग्रोमेटमधूनच, म्हणजे भोकाच्या कडेला बसवलेल्या रबरी कड्यातूनच, वाट काढावी. नवे भोक पाडावे लागलेच, तर त्यालाही ग्रोमेट बसवावे. वायरीचा बॉनेटखालचा भाग कंड्यूटमध्ये, म्हणजे वायरीवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या नळीत, घालावा. उष्णतेपासून आणि उंदरांपासून दोन्हींपासून तो थोडेफार संरक्षण देतो. पुढे दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी उचलून वायर तिच्याखालून न्यावी. सिग्नलची वायर शक्यतो दुसऱ्या बाजूने आणावी, म्हणजे इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येण्याची शक्यता कमी होते.

अर्थची वायर आखूड, अर्ध्या मीटरच्या आत, आणि पॉझिटिव्हइतक्याच जाडीची असावी. सीटचे किंवा सीटबेल्टचे बोल्ट त्यासाठी वापरू नयेत. बॉडीचा दुसरा बोल्ट निवडून त्याखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावा, वायरीच्या टोकाला दाबून बसवलेले (क्रिम्प केलेले) धातूचे कडे, म्हणजे थिंबल, घट्ट आवळावे आणि वरून ग्रीस लावावे, नाहीतर कोकणासारख्या दमट हवेत वर्षभरात तेथे गंज चढतो.

सिग्नल स्क्रीनच्या मागून किंवा मागच्या स्पीकरच्या वायरीवरून घेता येतो. वायरी कापण्याऐवजी त्या मॉडेलसाठी मिळणारा कपलर वापरल्यास वॉरंटीवरून वाद होण्याची शक्यता कमी होते आणि गाडी विकताना सगळे पूर्ववत करता येते. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, ती म्हणजे स्पीकरची निगेटिव्ह वायर हा अर्थ नव्हे. मूळ स्क्रीनमधल्या ॲम्प्लिफायरच्या दोन्ही वायरींवर साधारण ६ व्होल्ट असतात. त्यातली एक जरी बॉडीला लागली तरी आतली आयसी जळू शकते. पॉझिटिव्ह कोणती हे ओळखण्यासाठी स्पीकर स्क्रीनपासून सुटा करून त्याच्या वायरींना पेन्सिल सेल क्षणभर टेकवावा. सेलची धन बाजू पॉझिटिव्ह वायरीला लागली असेल तर स्पीकरचा पडदा बाहेर उसळतो.

हेच ६ व्होल्ट ओळखून काही वूफर आपोआप चालू होतात. ही सोय नसेल तर रिमोट वायर, म्हणजे वूफरला चालू-बंद होण्याचा इशारा देणारी वायर, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसणारा जोड) लावून ॲक्सेसरीच्या फ्यूजवरून घ्यावी, एअरबॅग किंवा एबीएसच्या फ्यूजवरून नव्हे. रिमोट कायम चालू राहणाऱ्या फ्यूजवर जोडला गेला, तर गाडी उभी असतानाही वूफर जागा राहतो आणि काही दिवसांत सेल्फ मारण्याइतकीही बॅटरी उरत नाही.

वूफर गालिच्यावर सुटा ठेवू नये, पट्ट्यांनी बांधावा. आपल्याकडे पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि बूट यांमुळे गालिचा आठवडेच्या आठवडे ओला राहतो, म्हणून वूफरखाली बोटभर जाडीचा पाणी न शोषणारा रबरी तुकडा द्यावा.

आवाज जुळवण्यासाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा. स्क्रीनवरचा बास शून्यावर आणावा, लाउडनेस बंद करावा, वूफरचा लो पास (त्यावरचे स्वर गाळणारी मर्यादा) ८० हर्ट्झवर आणि गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) किमान ठेवावा. ओळखीचे गाणे पाऊण आवाजावर लावून गेन सावकाश वाढवत न्यावा आणि खर्ज पायाखालून नव्हे, समोरून येतो आहे असे वाटते तेथेच थांबावे. त्यानंतर चालकाच्या जागी बसून फेजचे, म्हणजे वूफरची लहर उलटवणारे, बटण शून्यावर आणि १८० वर ठेवून पाहावे. ज्या स्थितीत खर्ज भरीव लागतो ती योग्य. आता पुरुषाच्या आवाजातले कीर्तन किंवा बातम्या लावाव्यात. बोलणे घशात अडकल्यासारखे जाड झाले असेल, तर लो पास ७० पर्यंत खाली आणावा. नंबर प्लेट किंवा दाराचे पॅनेल खडखडत असेल, तर मागे फोमची पट्टी चिकटवली की बहुतेक वेळा पुरते.

जोरात वाजत असताना मल्टिमीटरने बॅटरीवरचे आणि वूफरच्या टोकांवरचे व्होल्ट ताडून पाहावेत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आढळला तर अर्थचा जोड किंवा एखादे क्रिम्प सैल आहे असे समजून तो आधी दुरुस्त करावा. हीच तपासणी आठवड्याने पुन्हा करावी आणि त्या वेळी बॅटरीजवळच्या फ्यूज होल्डरला बोट लावून पाहावे. तो इंजिनाच्या उष्णतेपेक्षा वेगळा, एकाच जागी गरम लागत असेल, तर त्यातला जोड उघडून नव्याने क्रिम्प करावा.