जुन्या स्पीडबोटीचं खरं वय कसं ओळखावं

बोट विकणारा माणूस साल सांगतो तेव्हा बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो. त्याला जे सांगून बोट गळ्यात मारली होती, तेच तो तुम्हाला सांगतो. चार हात बदलले की साल आपोआप मागं सरकतं, कारण ‘जुनी’ म्हटलं की भाव पडतो आणि ‘व्हिंटेज’ म्हटलं की चढतो. चोर्ल्यानं गोव्यात उतरा नाहीतर आंबोलीनं सावंतवाडी-मालवणकडं जा, किनाऱ्यावर अशा बोटी ताडपत्रीखाली पडलेल्या असतात. हिडकलच्या नाहीतर सुप्याच्या पाण्यावर एखादी असावी, असं आपल्या बेळगाव भागात अधूनमधून कुणाच्या तरी मनात येतंच. पाण्यात उतरवायच्या परवानग्या हा वेगळा विषय. इथं फक्त वयाचं बोलू.

एक गोष्ट आधीच पक्की करा. बोटीला एक वय नसतं. हलचं, म्हणजे बोटीच्या मूळ अंगाचं, वेगळं, इंजिनाचं वेगळं, कागदाचं वेगळं. ‘बोट कितवी?’ याचं उत्तर म्हणजे हलचं वय, दुसरं काही नाही. वय चुकलं तर नुसते पैसे जास्त जातात असं नाही. सुटे भाग चुकीचे मागवले जातात, आणि ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या, आतलं प्लायवूड किती वर्षं पाणी पीत बसलंय याचा अंदाज चुकतो. हे दुसरं जास्त महागात पडतं.

सीटची कव्हरं, रंग, स्टीअरिंग, डॅशबोर्डवरचे काटे बघून वय सांगणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका. ही सगळी बदलायची वस्तू आहे. कागदावरची तारीख नोंदणीची असते, बांधणीची नव्हे. परदेशातून वापरलेली बोट आली असेल तर बिल ऑफ एंट्रीवरची, म्हणजे आयातीच्या कस्टम कागदावरची, तारीख ती भारतात कधी आली तेवढंच सांगते. कागद बघायचे, पण वयासाठी नाही, नंबर जुळतात का यासाठी.

हल नंबर

आता मुख्य काम. याच टप्प्यानं मला सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं, आणि याच टप्प्यावर सर्वांत वाईट सल्ले मिळतात.

अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून बांधलेल्या प्रत्येक करमणुकीच्या बोटीवर बारा अक्षर-अंकांचा हल नंबर असणं कायद्यानं बंधनकारक झालं. बोटीच्या मागं, नाळेकडं म्हणजे पुढच्या टोकाकडं तोंड करून उभं राहा. मागच्या बाजूला, ट्रान्समच्या बाहेरच्या अंगाला, उजव्या हाताच्या कोपऱ्यात, वरच्या कडेपासून साधारण दोन इंचांच्या आत तो असतो. अक्षरं पाव इंच उंचीची. एवढ्या जुन्या बोटीवर तो रंगाखाली, शेवाळाखाली नाहीतर रबरी पट्टीच्या मागं दडलेला असतो.

वाचण्यासाठी साबणपाणी आणि मऊ फडकं पुरे. पॉलिश पेपर लावू नका. जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या रंगीत थरात, ही अक्षरं फार खोल नसतात, दोन हात मारले की कायमची जातात. टॉर्च समोरून मारू नका. पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरा, म्हणजे खाचांची सावली पडते. हे संध्याकाळी अंधार पडताना करावं, भर उन्हात काहीच दिसत नाही. तरी दिसलं नाही तर लहानपणी नाण्यावर करायचो तसं पातळ कागद ठेवून आडव्या पेन्सिलीनं हलक्या हातानं घासा. मोबाईलच्या फोटोपेक्षा या कागदावर जास्त कळतं.

बारांपैकी पहिली तीन अक्षरं बांधणाऱ्याची खूण, पुढची पाच त्या हलचा क्रमांक, आणि शेवटची चार म्हणजे तारीख. सगळी मेख या शेवटच्या चारांत आहे, कारण ती लिहायच्या तीन पद्धती होत्या.

१९७२ ते जुलै १९८४ या काळात दोन पद्धती चालत. एक सरळ: दोन अंक महिन्याचे, दोन वर्षाचे. ०५७८ म्हणजे मे १९७८. यात भानगड नाही. दुसऱ्या पद्धतीत आधी एम हे अक्षर, मग मॉडेल वर्षाचे दोन अंक, मग महिन्याचं एक अक्षर. पण हा महिना जानेवारीपासून मोजायचा नाही. बोटवाल्यांचं मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं, म्हणून ए म्हणजे ऑगस्ट, बी म्हणजे सप्टेंबर, सी म्हणजे ऑक्टोबर, असं करत एल म्हणजे जुलै. ‘एम ७९ सी’ दिसलं तर मॉडेल १९७९ चं, पण बोट बांधली ऑक्टोबर १९७८ मध्ये.

१ ऑगस्ट १९८४ पासून तिसरी पद्धत सक्तीची झाली आणि तीच आजही चालते. आधी महिन्याचं अक्षर, मग बांधणीच्या वर्षाचा शेवटचा एकच अंक, मग मॉडेल वर्षाचे दोन अंक. इथं मात्र ए म्हणजे जानेवारी आणि एल म्हणजे डिसेंबर. ‘सी ९ ८९’ म्हणजे मार्च १९८९ मध्ये बांधलेलं १९८९ चं मॉडेल.

म्हणजे तोच सी एका पद्धतीत ऑक्टोबर, दुसरीत मार्च. कुठलाही तक्ता हातात घेऊन नंबर वाचायला बसणारे इथंच आपटतात. आधी पद्धत ओळखा, मग महिना वाचा. शेवटच्या चारांत पहिलं एम असेल तर जुनी मॉडेल पद्धत. चारही अंक असतील तर जुनी सरळ पद्धत. पहिलं ए ते एलमधलं अक्षर आणि पुढं तीन अंक असतील तर नवी. हा क्रम कधीही सोडू नका.

नव्या पद्धतीत एक चांगली सोय आहे. बांधणीचा एक अंक आणि मॉडेलचे दोन अंक एकमेकांची साक्ष देतात. मॉडेल ८९ असेल तर आधीचा अंक ८ किंवा ९ असला पाहिजे. तिथं ४ असेल तर तो नंबर कुणीतरी हातानं बसवलाय, नाहीतर तुम्ही चुकीचा वाचलाय. परत कागद-पेन्सिल घ्या. हलच्या पाच अक्षरी क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. त्यातलं एखादं दिसलं तरी थांबा. युरोपातली बोट असेल तर १९९८ पासूनच्या नंबरात सुरुवातीला देशाची दोन अक्षरं जास्त असतात, तारखेची शेवटची चार मात्र वरच्या नव्या पद्धतीनंच वाचायची.

ऑगस्ट १९८४ नंतरच्या बोटीवर हाच नंबर आणखी एका ठिकाणी, आतल्या बाजूला किंवा एखाद्या फिटिंगखाली, लपवून टाकलेला असतो. मालकाची परवानगी असेल तर दोन-चार क्लीट, म्हणजे दोर बांधायच्या खुंट्या, सोडून बघा. परवानगी मागितल्यावर माणूस चिडला तर त्याचाही अर्थ लावा.

खाडाखोड ओळखायला नंबरावरून हाताचं बोट फिरवा. मूळ नंबराच्या आजूबाजूचा जेलकोट बाकीच्या ट्रान्समसारखाच खडूसारखा झालेला असतो. तिथंच हाताच्या पंजाएवढा भाग गुळगुळीत, चकचकीत लागला, किंवा बारापैकी शेवटची दोन अक्षरं इतरांपेक्षा खोल लागली, तर तिथं काम झालेलं आहे.

आणि सगळ्यात घातक सल्ला हा: ‘नंबर नाही म्हणजे ७२ च्या आधीची.’ चूक, साफ चूक. कुजलेलं ट्रान्सम बाहेरून कापून नवं बसवलं की नंबर जातो. भारतात बांधलेल्या फायबर बोटीवर तो अमेरिकन नंबर असायचं कारणच नाही. परदेशी बोटीवर साचा घालून काढलेल्या नकला तर सर्रास बनतात. नक्कल ओळखायची खूण म्हणजे मूळ बोटीवरच्या पट्टीची कड, रिव्हेटची डोकी यांचे उठाव जेलकोटमध्येच उमटलेले दिसतात, पण तिथं प्रत्यक्ष रिव्हेट नसतो. अशा हलचं वय मूळ बोटीच्या सालाशी जोडायचं नाही. विकणाऱ्यानं कितीही शपथा घेतल्या तरी नाही.

इंजिन

इंजिन हलचं वय सांगत नाही, पण हलच्या नंबराला दुजोरा देतं किंवा खोडून काढतं.

बाहेर टांगलेलं आउटबोर्ड जॉन्सन किंवा एव्हिनरूडचं असेल तर काम सोपं. १९८० च्या मॉडेलपासून त्यांनी ‘इन्ट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरं १ ते ९ आणि ० या अंकांसाठी वापरली. आय १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९, एस ०. मॉडेल नंबराचं अगदी शेवटचं अक्षर सोडा, त्याआधीची दोन वाचा. सी आणि ओ असेल तर ८५. ब्रॅकेटवरची पत्र्याची प्लेट आणि ब्लॉकवरच्या गोल बुचावर ठोकलेला नंबर दोन्ही बघा. जुळले नाहीत तर इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचा मुख्य भाग, बदललेलं आहे.

आतलं इंजिन असेल तर आपल्या बेळगावच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. उद्यमबागेत फाउंड्रीत एक आठवडा घालवलेल्या पोरालाही ओतीव अक्षर आणि ठोकलेलं अक्षर यातला फरक कळतो. अमेरिकन स्टर्नड्राइव्ह बोटींत, म्हणजे इंजिन आत आणि पंख्याचा पाय ट्रान्समबाहेर अशा बोटींत, बहुतेक वेळा जनरल मोटर्सचा ब्लॉक असतो. शेव्हर्लेच्या छोट्या व्ही-एटवर, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनावर, ओतायची तारीख मागच्या बाजूला, बेलहाउसिंगला (फ्लायव्हीलवरच्या कव्हरला) लागून असलेल्या कडेवर वर उठलेल्या अक्षरांत असते. ए ते एल हे जानेवारी ते डिसेंबर, मग तारीख, मग वर्षाचा शेवटचा अंक. ‘के १२ ७’ म्हणजे १२ नोव्हेंबर, सालाच्या शेवटी ७.

हे साफ करताना डिझेल आणि पितळी ब्रश घ्या. ग्राइंडरला हात लावू नका, वायर कप लावलेल्या ड्रिललाही नाही. तारखेची पट्टी पॅटर्नवर, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यावर, वेगळी बसवलेली असते, रोज बदलायची म्हणून. त्यामुळं तिची अक्षरं बाकीच्या कास्टिंग नंबराच्या रेषेत बसत नाहीत, जराशी तिरकी असतात, कधी दोन्ही टोकांना स्क्रूच्या डोक्याचे उठावही दिसतात. पृष्ठभागावर वाळूचा खरबरीतपणा असतो. ही खरी तारीख. सपाट घासलेल्या जागेत पंचनं ठोकलेला आकडा म्हणजे तारीख नव्हे.

७ हा ६७, ७७ की ८७, हे मात्र ब्लॉक सांगणार नाही. इथं लोक सोयीचं दशक निवडतात. छोट्या व्ही-एटच्या टॅपेट कव्हरचे, म्हणजे हेडवरच्या झाकणाचे, बोल्ट बघा. ते कडेनं लावलेले असतील तर जुनं हेड, आणि १९८७ पासून सर्रास बोल्ट कव्हरच्या मधोमध आले. हेड बदलता येतं, त्यामुळं हा एकच पुरावा नाही, पण मधल्या बोल्टचं इंजिन दाखवून कुणी ६७ म्हणत असेल तर त्याला हे बोल्ट दाखवा.

मग दोन्ही तारखा शेजारी लिहा. मूळ इंजिन असेल तर ब्लॉक हलच्या आधी ओतलेला असला पाहिजे, काही आठवडे ते काही महिने. ब्लॉक हलपेक्षा नंतरचा निघाला तर इंजिन नक्की बदललेलं आहे. मी त्याला दोष मानत नाही, खाऱ्या पाण्यात इंजिन बदलतंच. फक्त ‘सगळं ओरिजिनल’ या शब्दांचे पैसे देऊ नका.

आणखी दोन मोठ्या खुणा. स्टर्नड्राइव्ह बाजारात आलाच १९५९ मध्ये, व्होल्वो पेंटाच्या ॲक्वामॅटिकसोबत, आणि मर्क्रुझर १९६१ मध्ये. त्यामुळं ‘५५ सालची, स्टर्नड्राइव्ह, ओरिजिनल’ अशी बोट असूच शकत नाही. आणि वीस फुटांखालच्या अमेरिकन मोटरबोटीवर किती माणसं, किती वजन हे सांगणारी, ‘यू.एस. कोस्ट गार्ड’ असं छापलेली क्षमतेची प्लेट स्टीअरिंगजवळ मूळचीच बसवलेली दिसली, तर ती बोट नोव्हेंबर १९७२ नंतरची.

नोव्हेंबर १९७२ च्या आधीची लाकडी बोट असेल तर वरचं हल नंबराचं काहीच लागू नाही. क्रिस-क्राफ्ट या अमेरिकन कंपनीची असल्यास हलवर ठोकलेला नंबर शोधा. त्या कंपनीची जुनी हल कार्डं, म्हणजे एकेका हलच्या नोंदी, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियमकडं आहेत, नंबर असेल तर तिथं विचारता येतं. बाकी लाकडी बोटीला लाकडाचा जाणकार सुतार बरोबर न्या.

शेवटी एका कागदावर तीन ओळी: हल, इंजिन, नोंदणी. प्रत्येकीपुढं साल, आणि ते कशावरून काढलं तेही. हलची तारीख वाचता आली नाही तर एक साल लिहू नका, ‘या सालानंतरची’ एवढंच लिहा आणि भाव त्या हिशोबानंच बोला. व्यवहार ठरला तर खरेदीच्या कागदावर हलचा पूर्ण बारा अक्षरी नंबर आणि इंजिनाचा नंबर विकणाऱ्याच्या सहीच्या वर लिहून घ्या, पेन्सिलीनं काढलेला ठसा त्यालाच जोडा, आणि त्यावरही त्याची सही घ्या.